फाटक्या आवाजाची चोरी

१

चोरानं फाटकी वस्तू पळवली आणि तिच्या जागी नवीकोरी बसवून गेला, असली चोरी सोलापुरात कुणी ऐकली नव्हती. पोलिसांत जाऊन सांगावं, तर तिथले लोक पाणी पाजून घरी पाठवणार. म्हणून गुरुशांत भर दुपारी शुक्रवार पेठेतला तो अरुंद जिना चढून पूनमकडे आला.

पूनम लोकांचे कान तपासायची. सासूबाईंना खरंच ऐकू येत नाही की सोयीनुसार येत नाही, असल्या कोड्यांचा निकाल तिच्या टेबलावर लागायचा. हळूहळू पेठेतले लोक दुसरी कोडीही घेऊन येऊ लागले. कानाच्या मशिनी कमी खपल्या तरी पूनमला त्याचं वाईट वाटत नसे, कारण कोडं आलं की तिची दुपार बरी जायची.

हे कोडं तर घरचंच होतं. गुरुशांत तिच्या कॉलेजातला. तिथंच त्यानं ‘धोटा’ नावाचा बँड काढला. मागात इकडून तिकडे पळतो तो धोटा. गिटार गुरुशांतची, गाणं महेश्वरीचं, आणि ड्रम बिरुदेवचा, ज्याच्या हातात वाडवडिलांच्या धनगरी गजी ढोलाचा ठेका होता. महेश्वरी पुढं गुरुशांतची बायको झाली. गॅदरिंगमध्ये त्यांनी पहिलं गाणं वाजवलं तेव्हा प्राचार्यांनी मेन स्विच बंद करायला लावला. पुढं कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी त्यांचं संगीत ऐकून पानं भरभरून लिहिलं. सोलापुरात मात्र शेजारी विचारायचे, बोअर मारताय का?

गोंगाटच होता तो, त्यात खोटं काय! पण पूनमला तो ऐकताना डोळ्यांवर झापड यायची. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पडून शंभर माग ऐकावेत आणि त्या खडखडाटात कुणीतरी आपल्याला हाक मारतंय असं वाटावं, तसं काहीतरी. आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक करकर असायची. गुरुशांतच्या जुन्या लाकडी खोक्यातल्या फाटक्या स्पीकरची करकर. गिटार खोक्याला टेकवून ठेवली की ती आपोआप घुमत राहायची आणि करकर तिच्यावर चढत जायची. धोटाचा जीव त्या करकरीत होता.

“शनिवारी बसलो वाजवायला, तर आवाज एकदम गुळगुळीत,” गुरुशांत सांगत होता. “बिरुबी म्हणाला, करकर गेली. मागची फळी काढून बघतो तर आत नवा स्पीकर! कुलूप जिथल्या तिथं.” मग तो डोळे मिटून त्या आवाजाचं वर्णन करू लागला. करकर कशी आधी दातांत यायची, मग कपाळात, मग कुठंच नाही आणि सगळीकडे.

दाराची घंटी वाजली. चिमणीच्या चिवचिवाटाची होती ती. पुन्हा वाजली. पूनम उठून गेली, कुरिअर घेतलं, सही करून परत आली, तरी हा डोळे मिटून रिकाम्या खुर्चीशी बोलतोच आहे. डोळे उघडल्यावर तिला दारात बघून तो दचकला. स्वप्नाळू माणूस, पूनम मनात म्हणाली.

“रविवारी कार्यक्रम हाय,” तो म्हणाला. “एवढ्या वर्षांत सोलापुरातला पहिला. आपल्या गावानं एकदा तरी नीट ऐकावं, एवढीच इच्छा होती. तो आवाज न्हाय तर मी वाजवणार न्हाय, पूनम. रविवारीबी न्हाय आणि पुढंबी न्हाय.”

“तो आवाज शेवटचा नीट कधी ऐकलास?”

“महिना होऊन गेला असंल. रोज थोडा थोडा पातळ होत चालला हुता. मी बोंबलून सांगतोय, कुणी ऐकतंय का?”

पूनमनं पेन खाली ठेवलं. स्पीकर एका दिवसात चोरता येतो. पण आवाज महिनाभर रोज थोडा थोडा कोण चोरत होतं?

२

गुरुशांतच्या वडिलांचा, गुरुसिद्धप्पांचा, मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. घरामागचं त्यांचं जुनं गोदाम म्हणजेच धोटाची खोली. भिंतीपलीकडे टॉवेलचा कारखाना होता. तिकडचा कापसाचा भुगा खिडकीतून आत यायचा आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहायचा. दुसऱ्या दिवशी पूनम आत आली तेव्हा बिरुदेव त्या पट्ट्याकडे बघत उताणा पडला होता.

“ये, पूनमताई,” तो उठून बसला. ती त्याच्याच गावची. “ह्यो चोर कसला मानूस, मला कळंना. फाटकं नेऊन नवं ठिवतुया! आमच्याकडं कुनी म्हातारं मेंढरू न्हेऊन कोकरू बांदून गेलं असतं तर आमी त्येची पूजा घातली असती की.”

“शेवटची करकर कधी ऐकलीस तू?”

“गुरवारी. झ्याक वाजत हुता. शुक्करवारी आमी समदे मैंदर्गीला लग्नाला गेलो, नि शनवारी बगतो तर ही गंमत.”

“पण गुरुशांत म्हणतो, महिनाभर आवाज पातळ होत होता.”

बिरुदेवनं कान खाजवला. “खरं सांगू? मला तर रोजच्यावानीच वाटत हुता. पर वैनीबी म्हनल्या की येगळा लागतुया. दोगंबी म्हनतायत म्हनल्यावर मी म्हनलं, माजंच कान शेळीचं. गप बसलो.”

कोपऱ्यात तारा सोडवत बसलेला नंदीश हसला. कार्यक्रमाचा आवाज सांभाळायला तो पुण्याहून आला होता आणि त्याला त्या खोक्याची पहिल्यापासून चीड होती. “स्पष्ट बोलतो, मॅडम. ती करकर गेली तर माझं काम निम्मं होईल. पण मी आलोच गेल्या रविवारी, चोरीनंतर. आणि फुकट नवा स्पीकर बसवून द्यायला मी काही धर्मशाळा उघडलेली नाही.”

पूनमनं खोक्याची मागची फळी काढायला लावली. स्पीकर नवा होता, पण बसवणी जुन्या हाताची होती. स्क्रू सगळे सारखे आवळलेले, तारेला नीट पीळ दिलेला, खोक्याच्या आतली धूळसुद्धा पुसलेली. असला चोर घरकामाला ठेवावा, असं तिला वाटलं.

मग तिनं मोबाइलचा उजेड आत मारला आणि थबकली. स्पीकरच्या लोहचुंबकावर, जिथं एरवी कुणाची नजर जाणार नाही तिथं, तीन फिकट पांढरे पट्टे होते. तिनं बोट लावून बघितलं. राख होती. बोट नाकाशी नेलं, तर देवघराचा वास आला.

विभूती! चोरानं चोरी करून वर विभूती लावली होती.

३

विभूती लावणारं माणूस घरात होतं. महेश्वरी सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. ती स्वयंपाकघरात शेंगा भाजत होती. पूनमला बघून ती हसली खरी, पण हातातला झारा उगाचच भरभर फिरू लागला.

“महेश्वरी, आवाज पातळ झाला असं तूही म्हणत होतीस?”

“हां. म्हणजे… वाटायचं तसं.”

“बिरुदेवला नाही वाटलं.”

“तो काय, त्याला ड्रमशिवाय दुसरं काय ऐकू येतंय?” ती कढईकडे बघत म्हणाली.

पूनमनं आवाज चढवला नाही. तिच्या धंद्यात तो कधीच चढवत नसत, उलट उतरवत. “तुझ्या फोनमध्ये रोजच्या सरावाचं रेकॉर्डिंग असतं ना? जरा ऐकव.”

महेश्वरीनं फोन दिला नाही. पदराआड धरला. मग डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिनं तो स्वतःहून पूनमच्या हातात ठेवला आणि शेंगांचा गॅस बंद केला.

दोघी ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. महिन्यापूर्वीचं, पंधरवड्यापूर्वीचं, गुरुवारचं. आवाजाचा तो जाड पूर, त्यावरून महेश्वरीचा पातळ सूर लांबून कुणी हाक मारावी तसा जाणारा, आणि खाली करकर. प्रत्येक वेळी होती. गुरुवारीही होती, भरगच्च.

“म्हणजे तू खोटं बोललीस.”

“हौदु, हो. बोलले.” महेश्वरीनं नाक पुसलं. “रात्रंदिवस झुरत होते हे. विचारायचे, ‘तुलाबी कमी वाटतंय न्हवं?’ मी न्हाई म्हटलं असतं तर काय झालं असतं, पूनम? मला भीती वाटली गं. म्हणून हां म्हटलं. आणि मामांनाबी सांगितलं, की त्या खोक्यात काहीतरी बिघडलंय, हे लई कष्टी हायत.”

“सासऱ्यांना? पण गुरुशांत आणि ते तर बोलत नाहीत.”

“ते दोघं न्हाई बोलत. मी बोलते की.”

बाप-लेकाचं भांडण सगळ्या पेठेला ठाऊक होतं. बँडच्या पहिल्या दिवसांत गुरुसिद्धप्पा गोदामाच्या दारात येऊन म्हणाले होते, “हा आवाज न्हाय, हा बिघाड हाय.” तेवढं एक वाक्य मुलानं आजवर उराशी धरलं होतं. एका ताटात जेवावं असे दोघं, पण वर्षानुवर्षं मीठसुद्धा सुनेमार्फत मागत होते. दोघंही मुलखाचे मानी.

“मामांनी काय सांगितलं मग?”

“काही न्हाई. मान हलवली. मामा सगळ्यालाच मान हलवतात.”

पूनम दारापर्यंत गेली आणि वळली. “शुक्रवारी लग्नाला मामा आले होते का?”

महेश्वरीचा चेहरा उतरला. “न्हाई,” ती म्हणाली. “दुकानात काम हाय म्हणाले.”

४

गुरुसिद्धप्पा दुकानात एका कर्ण्याला रंग देत बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. पूनमनं मागून “काका” म्हणून हाक मारली, तर ब्रश फिरतच राहिला. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी मान वर केली.

“एनु? काय? कोण, पूनम का? ये पोरी, बस.”

“काका, गोदामातल्या खोक्यातला स्पीकर चोरीला गेलाय.”

“एनु?”

तिनं पुन्हा सांगितलं, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश. त्यांनी तिच्या ओठांकडे नीट बघितलं आणि मग त्यांना हसूच आलं.

“चोरी कसली, पोरी? मी बदललो की! सून म्हणली खोकं बिघडलंय. उघडून बगतो तर आत आमचाच जुना, भोकाचा! असल्या भोकावर पोरगं इतकी वर्सं वाजवतंय, आन् मला येका शब्दानं सांगितलं न्हाय. दुकानातला सगळ्यात चांगला काढला, बसवला, विभूती लावली. यंत्र दुरुस्त करून विभूती न लावता दिलं असं आमच्या दुकानात कदी झालं न्हाय.” मग त्यांचा आवाज खाली आला. “म्हटलं, आता नीट वाजंल. मग येऊन म्हणंल, अप्पा, चांगलं केलासा. पाच दिवस वाट बगतोय.”

साऱ्या आयुष्यात फाटका स्पीकर म्हणजे बिघडलेला स्पीकर एवढंच माहीत असलेला बाप मुलाशी समेट करायला गेला आणि त्याच्या आवाजाचा जीवच काढून घेऊन आला.

“जुना कुठंय, काका?”

तो फेकला नव्हता. दुकानातल्या मागच्या फळीवर धोतराच्या धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवला होता. “हे भोक गुरूनंच पाडलंय,” म्हातारा फडकं सोडत म्हणाला. “दोन-अडीच वर्साचा हुता. बोट घातलं कागदात. त्याची आई, चंद्रव्वा, म्हणली, ऱ्हाऊ दे, माज्या लेकाचं बोट हाय. ती गेली. मग कुटलं फेकतोय.”

संध्याकाळी गोदामात सगळे जमले. गुरुसिद्धप्पा दाराबाहेरच थांबले. नंदीशनं नाइलाजानं जुना स्पीकर परत बसवला. गुरुशांतनं गिटारीची तार छेडली आणि गिटार खोक्याला टेकवली.

करकर आली. भिंतीतून, जमिनीतून, कपाळातून आली. तरंगणारा कापूससुद्धा थरथरतोय असं पूनमला वाटलं. बिरुदेवनं “आली की गं बया!” म्हणून मांडीवर थाप मारली. नंदीशलाही हसू आवरेना. महेश्वरी तेवढी हसली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

गुरुशांत मान कलती करून उभा होता. बराच वेळ. मग त्यानं गिटार बाजूला केली.

“हा तो न्हाय,” तो म्हणाला. “कुणाचा तरी दुसराच आणलाय.”

५

पूनमच्या दवाखान्यात जाड भिंतींची एक छोटी खोली होती. आत बसलं की आपल्याच रक्ताचा आवाज यायचा. पेठेतली पोरं तिला गप्प खोली म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुशांत त्या खोलीत कानाला हेडफोन लावून आणि हातात बटण घेऊन बसला. काचेच्या अलीकडे पूनम, तिच्यामागे महेश्वरी, आणि कोपऱ्यात गुरुसिद्धप्पा. त्यांना सून घेऊन आली होती.

“आवाज आला की बटण दाब, एवढंच,” पूनम म्हणाली होती.

जाडे, खालचे आवाज सोडले तेव्हा त्यानं लगेच दाबलं. मग पूनम वर वर जाऊ लागली. बारीक, पातळ, चिमणीच्या घंटीसारखे आवाज. प्रत्येक आवाजाला यंत्रावरचा दिवा लागत होता, विझत होता. आत गुरुशांत बटणावर बोट ठेवून शांत बसून होता. वाट बघत होता. चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती. महेश्वरीनं तोंडाला पदर लावला.

तो बाहेर आला. “कदी सुरू करतीस?”

“झालं रे,” पूनम म्हणाली. “बैस. चोर सापडलाय. दोन आहेत. एक चोर अप्पा. त्यांनी शुक्रवारी स्पीकर बदलला, चांगलं करायला म्हणून. विभूतीनं ते पकडले गेले. पण गुरुशांत, तुझी तक्रार महिन्याची आणि चोरी शुक्रवारची. चोरी व्हायच्या आधीच तू ओरडत होतास. त्या महिन्यात करकर होती का? बिरुदेव म्हणतो होती. महेश्वरीच्या फोनमध्येही आहे. काल जुना स्पीकर लावला, आम्हा सगळ्यांना आली. एकट्या तुला नाही आली. परवा इथं दाराची घंटी दोनदा वाजली, मी उठून गेले, तुला पत्ता नव्हता. करकर बारीक आवाजांची बनलेली असते. खोकं तेच आहे, भोक तेच आहे. दुसरा चोर तुझ्या कानात बसलाय. इतकी वर्षं त्या खोक्यापाशी उभं राहून तूच त्याला पोसलास.”

गुरुशांतनं महेश्वरीकडे बघितलं. ती हळूच काही बोलली, पण ते त्याला कळलं नसावं, कारण तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि आपण तसे बघतोय हे त्याच्या त्याच क्षणी लक्षात आलं.

“परत येईल?”

“गेलं ते नाही येत. उरलंय ते राखता येईल. मशीन लावलीस तर महेश्वरीचं बोलणं नीट येईल. आणि मी करून देते ते आवाज अडवणारे बोळे कानात घालशील तर आणखी पुष्कळ वर्षं वाजवशील.”

“काय वाजवू? मला न ऐकू येणारं?” तो म्हणाला. “संपलं, पूनम. नंदीशला सांग, रविवार रद्द.”

तेव्हा कोपऱ्यातून म्हातारा बोलला. त्याला यातलं किती ऐकू आलं होतं कोण जाणे, पण काचेआडचा दिवा त्यानं बघितला होता.

“मलाबी त्यातलं कायच येत न्हाय,” गुरुसिद्धप्पा म्हणाले. “लई वर्सं झाली. कर्ण्याखाली उभा राहून राहून गेलं. कुणाला सांगितलो न्हाय. धंदा आवाजाचा, सांगतो कुटं? सून गाती म्हणून लोक सांगतात. मला तिचा सूर कदीच आला न्हाय. तुज्या त्या खोलीतनं मला नुसता खालचा गुरगुराट यायचा. म्हणून म्हटलो बिघाड हाय. बिघाड माज्यात हुता, गुरू.”

गुरुशांत वळून बापाकडे बघतच राहिला. अप्पांच्या तोंडून त्यानं स्वतःचं नाव कितीतरी वर्षांनी ऐकलं होतं.

“मग इतके स्पीकर दुरुस्त कसे करता?” त्यानं हळूच विचारलं.

“एनु?”

त्यानं जवळ जाऊन, तोंड समोर धरून पुन्हा विचारलं.

म्हाताऱ्यानं उजव्या हाताचं बोट वर केलं. “हेनं,” तो म्हणाला.

६

रविवारी दुपार कलल्यावर गोदाम भरलं. कारखान्यातली माणसं आली, पेठेतली आली, बोअर मारताय का विचारणारे शेजारीही आले. खोक्याची पुढची जाळी काढून ठेवली होती आणि शेजारी खुर्चीवर गुरुसिद्धप्पा धुतलेलं धोतर नेसून, खोक्यावर तळवा टेकवून बसले होते. नंदीशनं कपाळाला हात लावला.

गुरुशांतनं खिशातून पूनमचे बोळे काढून कानात बसवले. मग धोटा सुरू झाला. बिरुदेवचे हात ढोलाच्या वळणावर गेले, महेश्वरीचा सूर उन्हाच्या पट्ट्यातून वर निघाला, आणि पूनमच्या डोळ्यांवर ती जुनी झापड उतरू लागली. पुढं बसलेली एक म्हातारी डोळे मिटून डुलत होती. तिला हे बोअर वाटत नव्हतं.

शेवटच्या गाण्यात गुरुशांतनं गिटार खोक्याला टेकवली. ती घुमू लागली. करकर चढली. सगळ्या गोदामाला ती आली आणि ज्याच्यासाठी ती होती तो नुसता उभा राहिला. त्याचे हात रिकामे होते. त्याचा चेहरा बघून पूनमला रडू फुटलं.

म्हाताऱ्यानं मुलाचं मनगट धरलं. त्याला खाली गुडघ्यावर बसवलं, आणि त्याचं बोट नेऊन कागदाच्या त्या भोकाच्या कडेला टेकवलं. लहानपणी जिथं घातलं होतं, तिथंच.

“हाय?” अप्पांनी विचारलं.

गुरुशांतचे खांदे हलले. “हाय, अप्पा,” तो म्हणाला, “हितंच हाय.”

मागं बिरुदेव तोच ठेका पुन्हा पुन्हा फिरवत होता, गिटार पुढं कधी निघते त्याची वाट बघत. महेश्वरीनं त्याला हातानं खूण केली, राहू दे. गुरुशांतनं बोट काढलं नव्हतं.